कुर्डुवाडीची नॅरोगेज पूर्ण उखडायला हवी होती का?

लोहमार्गी
ब्रॉडगेज करताना कुर्डुवाडीची अरुंद रुळांची नॅरोगेज लाइन सगळी उखडली. ती तशी उखडायला हवी होती का? माझं मत, नाही. कुर्डुवाडी वाढली ती दोन गेज (दोन रुळांमधली अंतरं) तिथं भेटले म्हणून. मार्च 1897 मध्ये बार्शी रोड (आजची कुर्डुवाडी) ते बार्शी ही 762 मिमीची लाइन सुरू झाली. ती बांधणाऱ्या इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं एक नियम कडक पाळला: इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर (चाकांच्या जोडीच्या दांड्यावर) 5 टनांवर भार नाही. म्हणून यार्डाला 30 पौंड वजनाच्या हलक्या रुळावर गाडी धावली आणि लाइन स्वस्तात झाली. पुढं लाइन वाढत गेली: 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) लाइन 1676 मिमीची, म्हणजे ब्रॉडगेज, त्यामुळे पुढं जाणारं प्रत्येक पोतं कुर्डुवाडीत उतरून पुन्हा चढायचं. हमाल, मुकादम, वर्कशॉप, रेल्वे कॉलनी, सगळं त्यावर उभं राहिलं. किमान बार्शीपर्यंतचा तुकडा राखायचा होता.

मोंढेकरी
त्या चढउताराची हमाली शेतकऱ्याच्या पट्टीतून (माल विकल्याच्या हिशेबातून) कापली जायची, हे विसरू नका. हमालाच्या आकड्यानं पोतं फाटतं, धान्य सांडतं, पावसात कापूस भिजतो. पलीकडं ब्रॉडगेजच्या रिकाम्या वाघिणी वेळेवर लागल्या नाहीत, की इकडं भरलेल्या नॅरोगेजच्या वाघिणी अडकून पडणार आणि मागं लातूरपर्यंत माल तुंबणार. गावाला काम मिळावं म्हणून अख्ख्या मुलखानं हा भुर्दंड का सोसायचा?

एप्रिल 2016 चा दुष्काळ आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी आली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. म्हणजे एका वाघिणीत 50 टन नुसतं पाणी. चार आसांवर वाटलं तरी आसाला साडेबारा टन, वाघिणीचं वजन वेगळंच. 5 टनांच्या लाइनीवर ती उभीसुद्धा राहिली नसती.

लोहमार्गी
पाण्याचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. लातूर आणि मिरजेच्या लाइनीचं रुंदीकरण, म्हणजे ब्रॉडगेज करणं, हवंच होतं. माझा आग्रह फक्त बार्शीच्या तुकड्याचा.

फाटकवाला
पण लातूरची वाट बार्शीवरूनच जाते, तो तुकडा वगळून रुंदीकरण होणार कसं? शेजारी दुसरी लाइन ठेवायची तर स्लीपर, खडी, मोऱ्या, फाटकं, सगळा खर्च दुप्पट. राखायचं ते वर्कशॉपमधलं कसब. माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांचं काम आजही कुर्डुवाडीत होतं. नॅरोगेजचं चाक तासायची सवय असलेले हात तिथं टिकले पाहिजेत. भरतीची मागणी त्यासाठी करा.