नाशिक: वडिलांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, गोळी चालू करावी का?

सिडकोकर: बाबांना (वय ६१) डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) लिहून दिलंय, पण व्हॉट्सॅपवर व्हिडिओ आलाय की कोलेस्टेरॉलचा हार्टशी संबंधच नाही, सगळा कंपन्यांचा धंदा. गोळ्यांची स्ट्रिप फ्रिजवर तशीच पडलीय. खरं काय?

गंगापूररोडवाला: दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलवरचा वाद खरा आहे, बरंचसं लिव्हरच बनवतं, अमेरिकेने तर २०१५-२० च्या आहार गाइडलाइन्समधून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली, अंडी उगाच बदनाम झाली. पण रक्तातल्या एलडीएलचं तसं नाही हो, १९९४ च्या स्कँडिनेव्हियन ट्रायलमध्ये ४,४४४ हार्ट पेशंट होते, सिमव्हास्टॅटिन (एक स्टॅटिनच) घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्के कमी झाले. आणि जन्मापासूनच ज्यांचं एलडीएल खूप जास्त असतं त्यांना तरुणपणीच अटॅक येतात, त्यात कंपनीचा काय हात?

पंचवटी_ताई: बरोबर, पण ते आधीच हार्टचा त्रास असलेले होते. काहीच झालेलं नाही त्यांना गोळीचा फायदा किती, हा वाद अजून चालूच आहे. काकांना शुगर, बीपी, तंबाखू?

सिडकोकर: शुगर आहे, तंबाखूही.

पंचवटी_ताई: मग रिस्क बरीच वाढते, व्हिडिओच्या नादाला लागू नका. उद्याच त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि गोळीइतकंच तंबाखूचंही बोला.