कॉलेजने गावाचं पाणी मोजावं का?

खडकाळ
नॅकची, म्हणजे कॉलेजांना मानांकन देणाऱ्या संस्थेची तपासणी, तिची तयारी म्हणून आमच्या कॉलेजात परवा पुन्हा झाडं लावली. खड्डे मागच्या खेपेचेच. नॅकच्या निकषांत ग्रीन ऑडिट (पर्यावरणाची तपासणी), पाणी, कचरा सगळं येतं, त्यामुळे फोटो लागतात. पर्यावरणाचा पेपर तर सर्वोच्च न्यायालयाने वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर १९९१ साली दिलेल्या आदेशातून आलेला. पोरं तो आदल्या रात्री गाईड वाचून काढतात.

सौर पॅनेल बसवा, नको कोण म्हणतंय? पण कॉलेजकडे खरी पुंजी आहे ती मोजता येणाऱ्या माणसांची. ग्रामपंचायतीकडे इंजिनिअर नसतो, आमच्याकडे सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग बसलाय. राज्य सरकारचं 'उन्नत महाराष्ट्र अभियान' २०१६ मध्ये याच विचाराने निघालं, आयआयटी मुंबईचा त्यात पुढाकार होता. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. १,००० हेक्टरच्या गावात ५०० मिमी पडला तर ५०० कोटी लिटर. त्यातलं वाहून किती गेलं, मुरलं किती, पिकांनी किती घेतलं? दर कॉलेजने दरवर्षी तीन गावांचा हा ताळेबंद मांडावा आणि त्याला प्रोजेक्टचे गुण द्यावेत.

तासिकावाला
मांडणार कोण? विहिरीची पातळी पावसाळ्याआधी, मे महिन्यात घ्यावी लागते. मी तासिका तत्त्वावर आहे, मेमध्ये मला पगार नसतो. पोरं परीक्षेत. शिवाय भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतेच की. तिथली रिकामी पदं भरा, कॉलेजला कशाला जुंपता?

खडकाळ
सर, निरीक्षण विहिरी गावोगाव नाहीत. आणि आपला हा काळा खडक. पाणी भेगांत आणि मुरमात. माझी विहीर भरलेली, शेजाऱ्याची कोरडी, हे तुम्हीच शिकवता ना? मग चार गावांतल्या एका विहिरीवरून काय कळणार?

मेसमेंबर
गावाला जायच्या आधी होस्टेलची मेस बघा. आमच्याकडे बायोगॅसचा प्लांट होता, उद्घाटनाला फीत वगैरे. आच कमी पडते म्हणून आचाऱ्याने वर्षभरात सिलिंडर परत आणला. उरलेला भात आता थेट घंटागाडीत. ज्यांना स्वतःचा भात मोजता येत नाही ते पाऊस मोजणार!

बांधावरची
आमच्या गावात आलेली अशी पोरं. गुणी होती, खोटं कशाला बोलू. विहिरीत दोर सोडला, विचारलं, "काकू, एप्रिलात पाणी किती खाली जातं?" मी म्हटलं सहा परस. त्याला परस माहीत नव्हता, मला मीटर. शेवटी हात पसरून दाखवला. चहा झाला, फॉर्म भरले, गेली. चार वर्षं झाली. अहवाल तुमच्या लायब्ररीत असेल, आमच्याकडे आला नाही. गुण मात्र मिळाले असणार.

हिवरे बाजारात पाण्याचा हिशेब ग्रामसभेत होतो आणि त्यावर पिकं ठरतात. तिथे शेतीला बोअर नाही, ऊस नाही. तो आकडा चालतो, कारण तो गावाने मान्य केलेला असतो. आमच्याकडे उसाला नाही कोण म्हणणार, तिसऱ्या वर्षाचा मुलगा?

खडकाळ
ताई, हे लागलं. मग असं करू: अहवाल ग्रामसभेत वाचून ठराववहीत नोंद झाली तरच गुण. ऊस ठेवायचा की नाही ते गाव बघेल. आणि सर, ग्रीन ऑडिटच्या सल्लागाराला जातात त्या पैशांतून तुमचं मेचं मानधन निघायला हवं. मेसचं म्हणणं मान्य, पण भात सुधारेपर्यंत पाऊस थांबत नाही.

तासिकावाला
ठराववहीच्या नोंदीवर गुण? सरपंचाच्या दारात सहीसाठी रांग लागेल. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या कशा होतात ते तुम्हालाही माहीत आहे. ग्रामसभा न होताच अहवाल "वाचला" जाईल. मानधनाचं मात्र प्राचार्यांना सांगा, मी मागे उभा राहतो.

बांधावरची
सही नकोच. दर मेमध्ये या आणि चावडीच्या भिंतीवर आकडा लिहून जा. मागच्या वर्षीचा पुसू नका, शेजारी लिहा. आणि परसात लिहा, म्हाताऱ्यांना वाचता येईल.