हवाबंद घर: खिडकी पुरेशी की यंत्र हवंच?

म्युनिकवासी
आमच्या इमारतीच्या सगळ्या जुन्या लाकडी खिडक्या काढून तीन काचांच्या नव्या बसवल्या. पूर्वी फटींतून आपसूक हवा खेळायची, आता रबरी पट्ट्यांनी सगळं गच्च. हीटिंगचं बिल उतरलं, ते चांगलंच झालं. पण आंघोळीची, स्वयंपाकाची, घरात वाळणाऱ्या कपड्यांची वाफ जाणार कुठे? बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट सरकवलं, तर मागे जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळी बुरशी. घरमालकाचं उत्तर ठरलेलं: "तुम्ही खिडक्या उघडत नाही आणि फोडण्या फार घालता." फटी ज्याने बुजवल्या, त्यानेच हवेची सोय करायला हवी. हवाबंद घरात यांत्रिक वायुवीजन, म्हणजे पंख्याने आतली हवा बाहेर आणि बाहेरची आत नेणारं यंत्र, सक्तीचं हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

खिडकीवाला
अजिबात पटलं नाही. समोरासमोरच्या खिडक्या दिवसातून तीन-चारदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा. हवा बदलते, भिंतीही गार पडत नाहीत. जर्मन लोक वर्षानुवर्षं हेच करत आलेत. यंत्र म्हटलं की वीज, आवाज आणि फिल्टर बदलणं आलं. नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्टच्या वाटहॉर्स्ट वसाहतीत अशीच यंत्रं बसवली होती, तिथे रहिवाशांच्या तब्येतीच्या तक्रारी सुरू झाल्या. त्यापेक्षा भिंतीच श्वास घेणाऱ्या बांधाव्यात.

म्युनिकवासी
दिवसा ठीक, पण रात्री कोण उठणार? दारं-खिडक्या लावून दोघं झोपले की पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड सहज २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांतले २००० भाग) वर जातो. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० असतो. खोलीत १००० च्या वर जाऊ देऊ नये, हे इथल्याच, म्युनिकच्या आरोग्यशास्त्रज्ञ पेटनकोफर यांनी १८५८ मध्ये सांगितलं होतं. भिंती श्वास घेतात हीसुद्धा त्यांचीच कल्पना, पण ती पुढच्या मोजमापांत टिकली नाही. गिलावा केलेल्या भिंतीतून नगण्य हवा जाते. वाटहॉर्स्टबद्दल म्हणाल, तर यंत्रं नीट बसवा आणि साफ ठेवा, एवढाच त्याचा अर्थ.

ठाणेकर
तुम्ही थंडीमुळे कोंडून घेता, आम्ही एसीमुळे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच फिरवतो. हे कितीतरी जणांना माहीत नसतं. २०१८ ची इको निवास संहिता, म्हणजे केंद्र सरकारची घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, उष्ण-दमट भागात उघडता येणाऱ्या खिडक्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के मागते. पण उघडून आत काय घ्यायचं? घोडबंदर रोडची धूळ? पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम, आपली ४०. यंत्र आणि फिल्टर ज्यांना परवडतात ते शुद्ध हवा घेतील, बाकीच्यांनी काय करायचं? आधी बाहेरची हवा सुधारा, त्याशिवाय या वादाला आमच्याकडे अर्थ नाही.

सुगरण
बाहेरची हवा सुधारेपर्यंत श्वास घेणं थांबवता येत नाही, ठाणेकर. निदान घरातल्या प्रदूषणाचा उगम तरी आवरा. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. कोळशाचा फिल्टर लावून हवा परत घरातच सोडणारी चिमणी वास कमी करते, वाफ नाही. नळी बाहेर काढलेलीच चिमणी घ्या. आणि म्युनिकवासी, मालकाला सांगा की बुरशी फोडणीच्या धुराने येत नाही, ओलाव्याने येते. पण धुतलेले कपडे घरात वाळवलेत तर मशीनभर कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. तेवढं मात्र तुमच्याच हातात आहे.

खिडकीवाला
रात्रीचा मुद्दा मान्य. तरी सक्ती नकोच. जर्मनीत घराच्या आधुनिकीकरणाच्या खर्चाच्या ८ टक्क्यांपर्यंत रकमेने मालक वर्षाचं भाडं वाढवू शकतो. तुमचं यंत्र शेवटी भाडेकरूच्याच खिशातून येणार.

म्युनिकवासी
भाड्याची भीती खरी आहे, पण बुरशीत मुलं वाढवण्यापेक्षा मला ती परवडेल. आणि डीआयएन १९४६-६ हे वायुवीजनाचं जर्मन मानक सांगतं की एक-तृतीयांशाहून जास्त खिडक्या बदलल्या तर वायुवीजनाचा आराखडा करावा. आमच्याकडे तर सगळ्याच बदलल्यात. तो आराखडा दाखवा, अशी लेखी मागणी मी मालकाकडे केली आहे. कपडे आजपासून तळघरात वाळत घालतो.