मदत हवी आहे: कॅमेऱ्यांपासून लपणाऱ्या मुलीची फिल्म, शूटिंग नाशिकमध्येच

नमस्कार मंडळी, आम्ही पाच जण मिळून चाळीस मिनिटांची सायन्स फिक्शन फिल्म करतोय, बजेट सगळं मिळून साठ हजार. गोष्ट अशी की पुढच्या एका सिंहस्थात सरकार प्रत्येक भाविकाचा चेहरा कॅमेऱ्याने ओळखून नोंदवतं आणि एक मुलगी पंचवटीतून रामकुंडापर्यंत एकाही कॅमेऱ्यात न सापडता जायचं ठरवते, कारण तिला आजीच्या अस्थी विसर्जन करायच्यात आणि तिचं नाव यादीत आहे.

आता अडचण. तिच्या टोपीला इन्फ्रारेड एलईडी लावायचेत, डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत (जवळून अंधूक लालसर दिसतात) पण रात्री सीसीटीव्हीत चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा झोत येतो. घरच्या कॅमेऱ्यावर ८५० नॅनोमीटरचे लावून पाहिले, अंधारात मस्त आलं, पण दिवसा कॅमेऱ्यातला फिल्टर इन्फ्रारेड अडवतो म्हणून काहीच होत नाही. मग दिवसाच्या सीनमध्ये तिने काय करावं जे खरं वाटेल? मला छत्री आणि गर्दी एवढंच सुचतंय, आणि खोटं विज्ञान दाखवायचं नाहीये.

दुसरं, गोदाघाटावर पहाटे शूट करायला परवानगी महापालिकेकडे मागायची की पोलिसांकडे, की दोन्हीकडे? कोणी अलीकडे काढली असेल तर किती दिवस लागले ते प्लीज सांगा. आणि जुना डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा) कोणाकडे पडून असेल तर आठवडाभर द्याल का, खऱ्या सीसीटीव्हीच्या फुटेजसारखं एडिटिंगमध्ये येतच नाही हो.