मॉरिसच्या दहा इनिंग्ज आणि दुसऱ्या बेसवर थबकलेला लॉनी स्मिथ

मिनेसोटाकर:
‘१-० हे बॅटरांचे अपयश असते, आणि १९९१ च्या वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, जॅक मॉरिसने मिनेसोटाला जिंकून दिला ही भाबडी दंतकथा आहे,’ असे येथे काल कोणी ठणकावून लिहिले, म्हणून हे लांबलचक उत्तर. २७ ऑक्टोबरच्या त्या रात्री मिनियापोलिसच्या मेट्रोडोममध्ये ३६ वर्षांच्या मॉरिसने १२६ पिच (चेंडू) टाकले आणि दहा इनिंग्जमध्ये अटलांटाला एकही धाव दिली नाही. नवव्या इनिंगनंतर मॅनेजर टॉम केली त्याला थांबवण्याच्या विचारात होते, पण तो हटला नाही. समोरचा अटलांटाचा पिचर स्मोल्ट्झही आठव्या इनिंगपर्यंत तितकाच अभेद्य होता. शेवटी दहाव्या इनिंगमध्ये ग्लॅडनचा तुटक्या बॅटचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), नॉब्लॉकचा बंट (चेंडू हळूच ढकलणे), मुद्दाम दिलेले दोन वॉक (बॅटरला फुकट पहिला बेस) आणि बदली बॅटर जीन लार्किनचा फटका, एवढी जुळवाजुळव झाली तेव्हा कुठे एक धाव निघाली.

आकडेमोडे:
तो काल लिहिणारा मीच. आठव्या इनिंगमध्ये अटलांटाच्या पेंडलटनच्या डबलवर पहिल्या बेसवरचा लॉनी स्मिथ थेट घरी पोचून धाव काढायला हवा होता. नॉब्लॉकने चेंडू उचलून आपला सहकारी गॅग्नीकडे टाकल्याचे सोंग केले, त्याला फसून स्मिथ दुसऱ्या बेसवर थबकला आणि तिसऱ्याच्या पुढे जाऊ शकला नाही. यात मॉरिसचे कर्तृत्व कोणते? कारकिर्दीत ३.९० ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा) असलेल्या पिचरला २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या दालनात, बसवले, ते याच एका रात्रीच्या पुण्याईवर.

मिनेसोटाकर:
स्मिथ तिसऱ्या बेसवर, पेंडलटन दुसऱ्यावर आणि आउट एकही नाही, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. त्यानंतर गँटचा दुबळा ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका), जस्टिसला मुद्दाम वॉक आणि ब्रीमचा डबल प्ले (एकाच फटक्यावर दोन आउट)! सोंग नॉब्लॉकने केले असेल, पण त्यापुढचे तीन बॅटर मॉरिसनेच निपटले.

आकडेमोडे:
त्यांतल्या एकाला तर फुकट बेस दिला, त्याला ‘निपटले’ म्हणतात हे आजच कळले.

न्यू जर्सीची आई:
आपण दोघे स्मिथवरून भांडत बसा, पण १२६ पिचचे हे पोवाडे कृपया थांबवा. माझ्या मुलाच्या प्रशिक्षकांना असल्याच गोष्टी पाठ होत्या. खांदा दुखत असतानाही त्यांनी त्याच्याकडून एका शनिवारी दोन सामन्यांत पिचिंग करून घेतले आणि सतराव्या वर्षी त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचा अस्थिबंध बदलण्याची) करावी लागली. आता त्याला कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढतानाही हात जपावा लागतो.

मिनेसोटाकर:
ताई, ते वाचून वाईट वाटले आणि त्या प्रशिक्षकांचा रागही आला. मात्र कोवळ्या मुलाचा न्याय मुरलेल्या व्यावसायिकाला लावू नये. उलट २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना आठवा. तारीखही २७ ऑक्टोबरच. टॅम्पा बे १-० ने पुढे असताना, नऊ स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणे) घेतलेल्या आपल्या पिचर ब्लेक स्नेलला मॅनेजर केविन कॅश यांनी ७३ पिचनंतर काढले आणि डॉजर्सनी तो सामना ३-१ ने जिंकला.

आकडेमोडे:
डॉजर्सचे बेट्स, सीगर आणि टर्नर स्नेलसमोर तिसऱ्यांदा येणार होते आणि तिसऱ्या फेरीत पिचर बॅटरांच्या ओळखीचा झालेला असतो. कॅश यांचा निर्णय कागदावर बरोबरच होता.

मिनेसोटाकर:
त्याच तिघांना स्नेलने प्रत्येकी दोनदा स्ट्राइकआउट केले होते. हे आपल्या कागदावर नव्हते काय?

आकडेमोडे:
ठीक आहे, स्नेलला काढणे चूक होते, असे लिहून देतो; तो कागद देव्हाऱ्यात मॉरिसच्या फोटोशेजारी ठेवा. स्मिथ न थबकता धावला असता, तर तिथे स्मोल्ट्झचा फोटो असता.