पुण्यात रोज सायकलने कामाला जाणे : आग्रह योग्य की अनाठायी?

पौडफाटा :
गेली अकरा वर्षे मी कर्वे पुतळ्यापासून शिवाजीनगरपर्यंत सायकलने कामाला जातो. अंतर सुमारे सहा किलोमीटर आहे. सकाळी पंचवीस-तीस मिनिटे लागतात आणि नळस्टॉपला वाहने तुंबलेली असली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. सायकलींचे शहर म्हणून ओळखले गेलेल्या या गावात सायकल मार्ग बांधलेच नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांच्या सुमारास बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेल्या, रस्त्यांलगत ते झाले, आणि २०१७ मध्ये महापालिकेने स्वतंत्र सायकल आराखडाही मंजूर केला. माझी तक्रार वेगळी आहे. हे मार्ग नेमके चौकात येऊन संपतात, आणि सायकलस्वाराला खरा धोका असतो तो चौकातच, जिथे डावीकडे वळणारी बस किंवा डंपर त्याला आरशात पाहतच नाही. दुचाकी शिरू नयेत म्हणून मार्गाच्या तोंडाशी रोवलेले खांब काही ठिकाणी इतके जवळजवळ आहेत की कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावलेली सायकल त्यांतून निघत नाही, आणि पुढे पन्नास पावलांवर विजेच्या डीपीचा खोका मार्गाच्या मधोमध उभा असतो. ही दुरुस्ती झाली तर सात-आठ किलोमीटरांच्या आत काम असलेल्या प्रत्येकाने सायकलचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हडपसरवासी :
आपल्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण आपला अनुभव सहा किलोमीटरांचा आहे. मी हडपसरहून हिंजवडीला जाते. हे अंतर पंचवीस किलोमीटरांहून अधिक आहे, वाटेत मुलाला पाळणाघरात सोडायचे असते आणि एप्रिलच्या उन्हात ऑफिसला पोचल्यावर कपडे बदलायची सोय नसते. या शहरात घर एका टोकाला आणि नोकरी दुसऱ्या टोकाला असणारे माझ्यासारखे असंख्य लोक आहेत. त्यांना सायकलचा आग्रह करणे म्हणजे त्यांचा प्रश्न नाकारणे आहे. शिवाय सायकल मार्गासाठी जागा प्रत्यक्षात कोणाची जाते, हेही पाहावे. बहुतेक ठिकाणी तो पदपथाचाच एक भाग रंगवून काढलेला असतो. माझ्या आई सत्तरीच्या आहेत. मागून घंटी वाजली की त्या बिचकून बाजूला होतात आणि पेव्हर ब्लॉकच्या उंचवट्याला ठेचकाळतात. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठ आणि औंध परिसरात भाड्याच्या सायकली मोठ्या उत्साहाने आल्या आणि काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या, हेही विसरू नये. तोच पैसा आणि तीच इच्छाशक्ती पीएमपीच्या बस वाढवण्यासाठी आणि सलग पदपथांसाठी वापरली पाहिजे.

मुठाकाठ :
दोघांचेही म्हणणे वाचले. दोघेही पर्याय असलेल्या माणसांविषयी बोलत आहेत. आमच्या सोसायटीतले रात्रपाळीचे सुरक्षारक्षक काका वारज्याहून सायकलने येतात. पाळी सुटते तेव्हा पहाटेचे साडेपाच झालेले असतात, आणि येताना अंधारात महामार्गालगतच्या सेवा रस्त्याने जड वाहनांच्या शेजारून यावे लागते. त्यांच्या सायकलला दिवा नाही. मागच्या मडगार्डवर लाल परावर्तक होता, तोही तुटला आहे. गेल्या पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या चेंबरच्या जाळीत त्यांचे पुढचे चाक अडकले, कारण जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या न बसवता प्रवासाच्या दिशेने बसवल्या होत्या. मनगट मोडले आणि सहा आठवड्यांची मजुरी बुडाली. जाळी फिरवून बसवायला किती खर्च आला असता? पेपर टाकणारी मुले, दूधवाले, बांधकामावरचे मजूर हे सगळे आजही सायकलवर आहेत. आपण सायकलचा आग्रह धरू अथवा न धरू, ते रस्त्यावर येणारच आहेत.

हडपसरवासी :
जाळीबद्दल पूर्ण सहमत. ते काम आजच व्हायला हवे आणि त्यासाठी चर्चेचीही गरज नसावी. मात्र हेच काका उद्या चार पैसे हाती आले की जुनी का होईना, स्कूटर घेतील, आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. माणूस नाइलाजाने जे वापरतो, त्याला शहराचे धोरण म्हणणे मला पटत नाही. पहाटे साडेपाचला वारज्याची बस मिळाली, तर ते सायकल नक्कीच बाजूला ठेवतील.

पौडफाटा :
बस मिळावी, याबद्दल दुमत नाही. पण घरापासून थांबा आणि थांब्यापासून कामाची जागा हे अंतर बस भरून काढत नाही, तिथे सायकल लागतेच. पदपथाबद्दलचा आपला आक्षेप मात्र मी मान्य करतो. जंगली महाराज रस्त्यावर मी स्वतः चालणाऱ्यांमधून वाट काढत सायकल हाताने ढकलत नेली आहे. म्हणून मी मागतो आहे ती जागा पदपथाची नाही, गाड्या उभ्या करण्याची आहे. फर्ग्युसन आणि जंगली महाराज हे दोन्ही रस्ते एकेरी केल्यामुळे वाहनांचा वेग वाढला आणि सायकलवाल्याच्या वाट्याला मोठा वळसा आला. तिथे गाड्यांची एक रांग उठवली आणि सिग्नलला सायकलींना काही सेकंद आधी सोडले, तर नवा मार्ग बांधावाच लागणार नाही. दुकानदार विरोध करतील, याची मला कल्पना आहे. पण दुकानासमोर दिवसभर उभी असलेली गाडी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची नसते, हे तिथे थांबून कोणीही पाहू शकेल.

हडपसरवासी :
रांग उठवण्याला माझा पाठिंबा आहे. पण मोकळी झालेली जागा आधी पदपथाला मिळावी आणि त्यातून उरली तर सायकलला. सत्तरीच्या बाईला रस्त्यावर उतरावे न लागता डेक्कनपासून बालगंधर्वपर्यंत चालता आले पाहिजे. तोवर हा क्रम बदलायला मी तयार नाही.