आजींच्या पत्रिकेतला कायरॉन

प्रश्न: आमच्या गावात (दर्यापूर तालुका) हाडे बसवणाऱ्या आजींचा स्वतःचाच गुडघा कायम आखडलेला असतो. संगणकावर काढलेल्या त्यांच्या पत्रिकेत कायरॉन पहिल्या स्थानी आहे. याचा अर्थ कसा लावावा?

उत्तर १: शनी आणि युरेनस यांच्या दरम्यान फिरणारा हा लहानसा पिंड १९७७ मध्ये सापडला, त्यामुळे आपल्या पंचांगात तो नाही. ग्रीक कथेतला कायरॉन इतरांना बरे करी. पण विषारी बाण लागल्यावर, अमर असल्याने, त्याला ना मरण आले ना उतार पडला. म्हणूनच पाश्चात्त्य ज्योतिषी त्याच्या स्थानावरून न भरणारी जखम आणि तिच्यातून आलेली उपचारशक्ती पाहतात.

उत्तर २: ‘तान्ह्या पोळ्याला, गुरे परतताना’ एवढ्याच जन्मवेळेवर पत्रिका काढली असेल, तर पहिले स्थान कशावरून? लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तीच पहिले स्थान ठरवते) साधारण दोन तासांत बदलते. गुडघा मात्र डॉक्टरांना दाखवावा.